टाचण्यांची उशी आणि विक्रेत्याचा ट्रॅक्टर

बदलीचा हुकूम हाती पडला की आमच्यासारख्या केंद्र सरकारच्या कारकुनाला दोन कामे तातडीने करावी लागतात. मुलांचे शाळेचे दाखले काढणे हे एक, आणि घरातील सामानाची यादी करणे हे दुसरे. गेल्या बारा वर्षांत आम्ही अशा तीन याद्या केल्या आणि तिन्हींत एक ओळ जशीच्या तशी उतरली आहे : ‘खेळणी, जुनी, एक ट्रंक.’ या खेपेस सामान बांधणाऱ्या माणसाने सहज विचारले, ‘बच्चों के हैं?’ आणि आम्ही ‘हो’ म्हणून मोकळे झालो. वस्तुतः त्या ट्रंकेत आमच्या कन्येचे काहीही नाही. एका डोळ्याचे, पोट खपाटीला गेलेले एक टेडी अस्वल आहे, ते आमचे स्वतःचे. आणि मामांनी लंडनहून आणलेला, लाल खोक्यातला, विमानाच्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृतीचा एक संच आहे, तोही आमचाच. तो संच आम्ही कधी जोडला नाही. पस्तिशी गाठलेल्या पदवीधर गृहस्थाने आपली ही मालमत्ता मुलीच्या नावाआड का दडवावी, असा प्रश्न नव्या गावच्या रिकाम्या घरात, सामानाची वाट पाहत बसलो असताना आमच्या मनात आला. त्या प्रश्नाच्या मागे लागून जे वाचन झाले, त्यातून हा लेख निघाला आहे.

मऊ केसाळ खेळणी जमविणारे आणि प्लॅस्टिकची विमाने-जहाजे जोडणारे हे दोन पंथ एरवी एकमेकांच्या वाटेस जात नाहीत. पहिल्याला दुसरा रुक्ष वाटतो आणि दुसऱ्याला पहिला हळवा. परंतु दोघांच्या कुळकथा शेजारी शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे एक विलक्षण साम्य दिसते. यांपैकी कोणतीच वस्तू खेळणे म्हणून जन्माला आलेली नाही.

पहिली कथा दक्षिण जर्मनीतील गींगेन नावाच्या लहानशा गावातली. तेथे १८४७ साली मार्गारेट श्टाइफ हिचा जन्म झाला. दीड वर्षाची असताना तिला पोलिओ झाला; दोन्ही पाय गेले आणि उजवा हात उचलताना वेदना होऊ लागल्या. त्या काळच्या लहान गावात अशा मुलीचे भवितव्य म्हणजे घरातला एक कोपरा, असेच सर्वांनी धरले असणार. मार्गारेट मात्र शिवण शिकली. शिवणयंत्राचे चाक उजव्या हाताने फिरवावे लागते आणि तिचा तो हात चालत नव्हता. तेव्हा तिने यंत्रच उलटे फिरवून घेतले आणि डाव्या हाताने चाक चालविले. १८७७ साली तिने नमद्याच्या, म्हणजे फेल्टच्या, कपड्यांचे दुकान थाटले. दोन वर्षांनी, १८७९च्या डिसेंबरात, बायकांच्या एका फॅशनविषयक मासिकात तिला एका लहान हत्तीचा बेत आढळला. त्यावरून तिने फेल्टचे हत्ती शिवले आणि आत लोकर भरली. हे हत्ती होते सुया-टाचण्या टोचून ठेवण्यासाठी. भेट म्हणून घरातल्या, ओळखीतल्या बायकांना द्यावेत, एवढाच हेतू.

पुढे काय झाले ते कोणत्याही घरात होते तेच. बायकांनी टाचण्या टोचण्यापूर्वी मुलांनी हत्ती पळविले. मार्गारेटच्या भावाने ते जवळच्या बाजारात नेले आणि तेथेही गिऱ्हाइकांनी ते खेळणे म्हणूनच घेतले. १८८६पर्यंत असे पाच हजारांहून अधिक हत्ती विकले गेले होते. मग माकडे, गाढवे, घोडे, उंट असा सारा प्राणिसंग्रह निघाला. एका धंद्याची दिशा गिऱ्हाइकांच्या पोरांनी ठरवावी, याचे इतके स्वच्छ उदाहरण आमच्या पाहण्यात दुसरे नाही. मार्गारेटच्या व्यवहारबुद्धीचे कौतुक एवढ्यासाठीच की, ‘ही उशी आहे, खेळणे नव्हे,’ असे सांगत ती मुलांच्या मागे धावली नाही.

अस्वल आले ते तिच्या पुतण्यामुळे. रिचर्ड श्टाइफ श्टुटगार्टला कला शिकला होता. तेथील प्राणिसंग्रहालयात अस्वलांसमोर बसून तो रेखाटने करीत असे. १८९७ साली तो आत्याच्या कारखान्यात दाखल झाला आणि १९०२ साली त्याने हातपाय हलविता येतील असे अस्वल तयार केले. कारखान्याच्या वहीत त्याचे नाव होते ‘५५ पीबी’ : उंची ५५ सेंटिमीटर, कापड प्लश, सांधे हलणारे. सरकारी नस्तीच्या क्रमांकासारखे हे नाव वाचून आम्हांला फार आपुलकी वाटली. १९०३च्या लाइपझिगच्या जत्रेत ते मांडले गेले. कंपनीच्या इतिहासात सांगतात त्याप्रमाणे, जत्रा संपता संपता एका अमेरिकन व्यापाऱ्याने तीन हजार नग मागविले. आज त्या ५५ पीबीचा एकही नमुना शिल्लक असल्याचे ज्ञात नाही. ज्या वंशाने पुढे साऱ्या जगातील बिछाने काबीज केले, त्याचा मूळपुरुष असा नाहीसा झाला आहे.

त्याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडे दुसरेच नाट्य चालले होते. १९०२च्या नोव्हेंबरात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपी राज्यात अस्वलाच्या शिकारीस गेले. शिकार मिळेना. तेव्हा होल्ट कॉलिअर नावाच्या वाटाड्याने, जो पूर्वी गुलाम होता, एक अस्वल गाठून झाडाला बांधले आणि अध्यक्षांना बोलाविले. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडणे शिकाऱ्याला शोभत नाही, म्हणून रूझवेल्टांनी नकार दिला. १६ नोव्हेंबर रोजी क्लिफर्ड बेरीमन या व्यंगचित्रकाराने ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये त्यावर चित्र काढले आणि ते गाजले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मिठाईचे दुकान चालविणाऱ्या मॉरिस व रोझ मिक्टम या रशियातून आलेल्या ज्यू दांपत्याने एक कापडी अस्वल शिवून ‘टेडीचे अस्वल’ म्हणून दुकानाच्या खिडकीत ठेवले. पुढे त्यांचीही मोठी खेळण्यांची कंपनी झाली. ही हकीकत सांगताना एक तपशील बहुधा गाळला जातो : ते अस्वल जायबंदी झाले होते आणि त्याचे हाल संपवावेत म्हणून रूझवेल्टांनीच ते मारण्यास सांगितले. गोळीऐवजी सुरी चालली, इतकेच. शिवाय ‘टेडी’ हे संबोधन अध्यक्षमहाशयांना मनापासून नावडते होते. कोट्यवधी बालकांनी ज्याला छातीशी धरले, त्याच्या नामकरणात अस्वल आणि यजमान या दोघांचीही संमती नव्हती.

जर्मन अस्वलाला हे अमेरिकन नाव चिकटले आणि मग पूर आला. १९०७ या एका वर्षात गींगेनच्या कारखान्यातून नऊ लाख सत्तर हजारांहून अधिक अस्वले बाहेर पडली. ती कशाची होती हे सांगितले पाहिजे, कारण आजची मऊ खेळणी त्या मानाने केवळ नामधारी वंशज आहेत. वरचे कापड मोहेरचे, म्हणजे अंगोरा जातीच्या शेळीच्या केसांचे. आत लाकडाचा लांब, बारीक कीस ठासून भरलेला. त्यामुळे अस्वल दाबले की किंचित करकरे. डोळे म्हणजे बुटाला लावावयाची काळी बटणे. मिठीत घेण्यापेक्षा शेजारी बसवून गप्पा माराव्यात असा त्याचा टणक देह होता. नकला होऊ लागल्या तेव्हा, १९०४ साली, कंपनीने प्रत्येक प्राण्याच्या कानात धातूचे एक लहान बटण ठोकण्याची प्रथा सुरू केली. ही मुद्रा पुढे ऐंशी-नव्वद वर्षांनी लिलावांत लाखमोलाची ठरेल, हे १९०९ साली वारलेल्या मार्गारेटच्या स्वप्नातही आले नसेल. दुसऱ्या महायुद्धानंतर कृत्रिम धाग्यांचे कापड आणि फोमचे भरण आले. वेल्समधील वेंडी बॉस्टन या बाईंनी ओढून न निघणारे, आतून घट्ट बसविलेले डोळे प्रचारात आणले आणि १९५४ साली कपडे धुण्याच्या यंत्रात धुता येईल असे अस्वल काढले. आमच्या अस्वलाचा डोळा निघाला तो पाहता वेंडीबाईंची शिकवण त्याच्या कारखान्यापर्यंत पोहोचली नसावी.

आता दुसरी कुळकथा. तिची सुरुवात इंग्लंडातील लाकडी विमानांपासून करावी लागते. १९३०नंतरच्या दोन-तीन वर्षांत ‘स्कायबर्ड्स’ नावाचे लाकडी संच निघाले आणि त्यांच्याबरोबर एक प्रमाण रूढ झाले : बहात्तरास एक. इंग्रजी मापांत हा हिशेब फार सोपा आहे. सहा फुटांचा माणूस एक इंच होतो. आज आपण मीटर-सेंटिमीटर वापरतो, तरी जगातील विमानप्रतिकृतींवर त्या इंचाचे राज्य अबाधित आहे.

प्रमाण ही कल्पना आम्हां मराठी मुलांना तशी उशिराच कळते, याचे कारण आमच्या मते दिवाळीचा किल्ला होय. त्या किल्ल्यावर महाराज दरवाजापेक्षा उंच असतात, मावळा बुरुजाएवढा असतो, आणि पायथ्याशी अळीवाच्या शेतात चरणारी गाय तोफेला सहज गिळू शकेल अशी असते. त्यात कोणालाही काही खटकत नाही, कारण तेथे आकार ठरतो तो मानाने. भातुकलीचे मात्र तसे नाही. बंब, घंगाळ, जाते, शेवेचा सोऱ्या ही सारी तांब्यापितळेची भांडी एकमेकांशी माप राखून असतात. प्रतिकृती जोडणाऱ्याचा पिंड किल्लेवाल्याचा नव्हे, भातुकलीवाल्याचा.

१९३६ साली ‘फ्रॉग’ या इंग्रजी नावाखाली प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचे पहिले विमानसंच निघाले. फ्रॉगची रबरावर उडणारी विमाने आधीपासून प्रसिद्ध होती. ही नवी उडणारी नव्हती, म्हणून त्यांचे नाव ठेवले ‘पेंग्विन’. इंग्रजांचा विनोद कधी कधी असा निर्व्याज असतो. ते प्लॅस्टिक सेल्युलोज ॲसिटेटचे होते आणि काळाबरोबर वाकडे होई. मग युद्ध आले आणि या छंदावर सरकारी शिक्का बसला. आकाशात दिसणारे विमान आपले की शत्रूचे, हे सैनिकास क्षणार्धात ओळखता आले पाहिजे. १९४२च्या आरंभी अमेरिकन नौदलाने देशातील शाळकरी मुलांकडून पाच लाख लाकडी विमाने मागविली. प्रमाण तेच, बहात्तरास एक. दहा मीटरवर टांगलेली अशी प्रतिकृती म्हणजे सातशेवीस मीटरवरचे खरे विमान. शाळांच्या सुतारकामाच्या वर्गांतून ती कोरली गेली, काळी रंगविली गेली आणि तोफखान्यांच्या शिक्षणवर्गांत टांगली गेली. मुलांच्या हातांनी घडलेली ही विमाने मुलांसाठी नव्हती.

खरा जन्म मात्र एका ट्रॅक्टरच्या पोटी झाला. निकोलस कोव्ह नावाच्या हंगेरीतून इंग्लंडात आलेल्या गृहस्थाने १९३९ साली हवा भरून फुगविण्याची रबरी खेळणी करणारी कंपनी काढली. व्यापारी सूचीत नाव अगदी वर यावे म्हणून तिचे नाव ‘अ’कारादी ठेवले : एअरफिक्स. युद्धानंतर हे कोव्हमहाशय प्लॅस्टिकचे कंगवे करू लागले आणि त्यासाठी वितळलेले प्लॅस्टिक दाबाने साच्यात भरणारे यंत्र त्यांनी आणले. १९४९ साली फर्ग्युसन या ट्रॅक्टर कंपनीने त्यांच्याकडून आपल्या ट्रॅक्टरची लहान प्रतिकृती करवून घेतली. गावोगाव फिरणाऱ्या विक्रेत्याने शेतकऱ्याच्या टेबलावर ती ठेवावी आणि माल समजावून सांगावा, असा बेत होता. पण इतके बारीक भाग जोडत बसणे कारखान्याला जिकिरीचे झाले. तेव्हा पुढे ते भाग तसेच सुटे, खोक्यात घालून विकण्यात आले : ज्याला ट्रॅक्टर हवा त्याने स्वतः जोडावा! कारखानदाराच्या सोयीसाठी जे काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात घातले, तेच काम गिऱ्हाइकाला वस्तूपेक्षा प्रिय झाले. गींगेनच्या हत्तीची आठवण आम्हांला येथे झाली. तेथे मुलांनी उशी पळविली, येथे विक्रेत्याचा नमुना पळविला.

१९५२ साली ड्रेकच्या ‘गोल्डन हाइंड’ या जहाजाचा संच निघाला आणि छंदाला आर्थिक पाया मिळाला. वुलवर्थच्या दुकानांत तो दोन शिलिंगांना विकावयाचा होता. त्या किमतीत बसविण्यासाठी खोके काढून टाकले गेले, भाग साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरले गेले, आणि जोडणीच्या सूचना छापलेला कागद दुमडून पिशवीच्या तोंडाशी टाचला गेला. प्लॅस्टिकही बदलले. पॉलिस्टायरीन स्वस्त, ताठ आणि न वाकणारे होते. शिवाय त्यात एक अद्भुत गुण होता. त्याला लावावयाचे सिमेंट गोंदासारखे चिकटवीत नाही. ते दोन्ही कडा किंचित विरघळविते आणि सुकताना दोन्ही भाग एकजीव होतात. म्हणून जो सांधा एकदा चुकला तो चुकला. १९५३ साली स्पिटफायर विमान आले आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे इंग्लंडातील शाळकरी मुलांच्या शनिवारांना त्या सिमेंटचा वास येत राहिला.

अमेरिकेत याच काळात रेव्हेल ही कंपनी पुढे आली. तिने १९५३ साली ‘मिसूरी’ या युद्धनौकेचा संच काढला. पण आम्हां सरकारी नोकरांना विशेष रस वाटावा अशी तिची हकीकत १९६१ची आहे. त्या वर्षी रेव्हेलने पोलॅरिस क्षेपणास्त्रे वाहणाऱ्या ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ या अणुपाणबुडीची प्रतिकृती बाजारात आणली. एक कुशी उघडली की आतील दालने, यंत्रे, क्षेपणास्त्रांच्या नळ्या, सारे माप राखून दिसावे अशी तिची रचना होती. अमेरिकेच्या अणुनौदलाचे जनक ॲडमिरल रिकओव्हर संतापले. ज्या माहितीवर राष्ट्राने कोट्यवधी डॉलर खर्च केले, ती २ डॉलर ९८ सेंटांत कोणाही रशियन हेराला दुकानातून घेता येते, अशी त्यांची तक्रार होती. आमच्या कार्यालयात ‘गोपनीय’ असा शिक्का मारलेल्या नस्ती आम्ही रोज हाताळतो आणि त्यांतील मजकूर बहुधा चहाच्या टपरीवर आधीच ठाऊक असतो. पण आपले गुपित खेळण्यांच्या दुकानात, पाठीमागे जोडणीच्या क्रमांकांसह, टांगलेले आढळणे हा अनुभव ॲडमिरलांच्याच वाट्याला यावा! मात्र कंपनीच्या कारागिरांना यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र कोणी देऊ शकले नसते.

राजकारणाचा असाच एक विनोद फ्रॉगच्या वाट्याला आला. ही कंपनी १९७०नंतरच्या दशकात बुडाली आणि तिचे पोलादी साचे सोव्हिएत संघाने विकत घेतले. त्यांवरून निघालेले संच पुढे ‘नोव्हो’ या नावाने जगभर खपले. परंतु जर्मन, इटालियन व जपानी विमानांचे साचे सोव्हिएतांनी घेतले नाहीत. ते रेव्हेलकडे गेले. महायुद्ध संपून तीस वर्षे झाली होती, तरी बोटभर लांबीच्या प्लॅस्टिकच्या मेसरश्मिटला मॉस्कोने प्रवेश नाकारला. साचा ही वस्तू अशी चिवट असते. पोलादात तो कोरावयास अमाप खर्च येतो, पण एकदा कोरला की लाखो नग निघतात; मालक मरतात, कंपन्या बुडतात, साचे नव्या खोक्यांत जन्म घेत राहतात. एअरफिक्सही १९८१ साली दिवाळखोर झाली. तिचे साचे फ्रान्समध्ये जाऊन राहिले आणि २००६ साली हॉर्नबी या आगगाड्यांच्या कंपनीने नाव व साचे दोन्ही घेतले. दरम्यान जपानातील शिझुओका शहरी, १९५१च्या आगीत लाकडाची वखार गमावलेल्या तामिया कुटुंबाने लाकडी प्रतिकृतींकडे व पुढे १९६०पासून प्लॅस्टिककडे वळून या क्षेत्रात सर्वांना मागे टाकले. रणगाड्यांच्या संचांचे पस्तीसास एक हे प्रमाण त्यांचे. आत मोटार आणि विजेरीचे सेल मावावेत म्हणून पहिला रणगाडा त्या मापाचा झाला. पुढे मोटारी गेल्या, माप राहिले.

येथवर मुलांनी मोठ्यांच्या वस्तू पळविल्याचा इतिहास झाला. उत्तरार्ध उलट दिशेने चालतो.

१९६९ साली पीटर बुल या इंग्रज नटाने टेडी अस्वलांवर एक पुस्तक लिहिले. आपण प्रौढ वयातही अस्वल बाळगतो, हे त्याने उघडपणे सांगितले. आणि मग ठिकठिकाणचे निवृत्त अधिकारी, परिचारिका, पाद्री आपापल्या ट्रंका उघडू लागले. आम्ही सामान बांधणाऱ्यासमोर जे धैर्य दाखवू शकलो नाही, ते या लोकांनी दाखविले. १९८५ साली लंडनच्या क्रिस्टीज या लिलावगृहाने केवळ टेडी अस्वलांचा स्वतंत्र लिलाव केला. डिसेंबर १९९४ मध्ये तेथेच ‘टेडी गर्ल’ नावाचे १९०४च्या सुमाराचे श्टाइफ अस्वल १,१०,००० पौंडांना गेले. घेणारे जपानी होते. इझू येथील अस्वलांच्या संग्रहालयासाठी त्यांनी ते घेतले. हे अस्वल कर्नल हेंडरसन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचे. बालपणापासून ते त्याच्याजवळ होते. आधी त्याचे नाव ‘टेडी बॉय’. पुढे कर्नलच्या मुलीने त्याला झगा घातला आणि ते ‘टेडी गर्ल’ झाले. कर्नल वारला तेव्हा अस्वल नव्वदीच्या घरात होते.

या अस्वलाचा आम्ही मुद्दाम उल्लेख करतो, कारण त्याला किंमत आली ती त्याच्या आयुष्यामुळे. ते एका घरात राहिले, त्याचे नाव बदलले, कपडे बदलले. परंतु संग्राहकांच्या बाजाराचा सर्वसाधारण नियम याच्या अगदी विरुद्ध आहे. १९९३ साली अमेरिकेत टाय वॉर्नर यांनी ‘बीनी बेबीज’ नावाची, पोटात प्लॅस्टिकचे दाणे भरलेली, पाचेक डॉलरांची मऊ खेळणी आणली. काही प्राणी मधूनच बंद करावयाचे, म्हणजे उरलेल्यांसाठी झुंबड उडते, ही त्यांची युक्ती होती. प्रौढ माणसे शेकड्यांनी ती जमवू लागली. कानाला लटकणारी कागदी चिठ्ठी दुमडली तर किंमत उतरे, म्हणून त्या चिठ्ठीलाच प्लॅस्टिकचे कवच घालण्यात येई. १९९९ साली लास व्हेगासच्या एका न्यायालयात घटस्फोट घेणारे जोडपे जमिनीवर उकिडवे बसून आपल्या बीनी बेबीज एकेक करून वाटून घेत असल्याचे छायाचित्र जगभर छापले गेले. त्याच वर्षी कंपनीने सगळेच प्राणी बंद करण्याची घोषणा केली आणि थोड्याच काळात तो बाजार कोसळला. मुलांच्या शिक्षणाचा खर्च यातून निघेल म्हणून साठवलेली खोकी पुष्कळांच्या माळ्यावर राहिली. त्या खेळण्यांना कोणा बालकाचा ओला हात कधी लागलाच नव्हता.

प्रतिकृतींच्या जगात हाच नियम अधिक तर्ककठोर रूपात दिसतो. साठ वर्षांपूर्वीचा न उघडलेला संच मोलाचा. तोच संच उत्तम जोडून, रंगवून ठेवला तर त्याची किंमत नाममात्र. आतील भागांच्या पिशवीची चिकटपट्टी शाबूत असेल तर आणखी भाव. म्हणजे जी वस्तू जोडण्यासाठीच विकली गेली, तिचे मूल्य ती कधीही न जोडण्यात साठविले जाते. कित्येक छांदिष्ट आयुष्यभरात जोडून होतील त्याच्या दसपट संच घेऊन ठेवतात. आम्ही त्यांना हसणार नाही. जोडलेल्या विमानात फक्त आपले हात कितपत चालतात तेवढे दिसते. बंद खोक्यात अजून सारे काही शक्य असते, आणि बदलीच्या नोकरीत हातचे शक्य ते राखून ठेवण्याची सवय माणसाला लागतेच. मुंबईच्या उपनगरात घ्यावयाचे घर, सेवानिवृत्तीनंतर शिकावयाची सतार आणि लाल खोक्यातले विमान, ही सारी आमच्याकडे एकाच ट्रंकेत आहेत असे म्हटले तरी चालेल.

आमच्या खोक्यातले विमान आहे फॉलंड नॅट. मामांनी ते मुद्दाम निवडले होते, कारण नॅटशी आपले नाते जुने. ब्रिटिश हवाई दलाने ते लढाऊ विमान म्हणून घेतले नाही. भारताने घेतले आणि बंगळूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सने ते बांधले. १९६५च्या युद्धात त्याने सेबर विमानांशी झुंज दिली, आणि १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर निर्मलजितसिंग सेखों ज्या विमानातून लढले व धारातीर्थी पडले तेही नॅटच. हवाई दलाचे एकमेव परमवीरचक्र त्यांचे. तेव्हा हे विमान जोडावे, खोक्यातील लाल रंगाचा बेत टाळून त्यावर केशरी-पांढरे-हिरवे वर्तुळ रंगवावे, असे आमच्या मनात पहिल्या बदलीपासून होते.

वाचनाने त्यावर पाणी ओतले. लाल खोक्यातला नॅट हा इंग्लंडच्या ‘रेड ॲरोज’ या कसरतपथकाचा, म्हणजे दोन आसनांचा शिक्षणासाठीचा प्रकार. सेखोंचे विमान एका आसनाचे. त्याचे नाक निराळे, पंख लहान. बारा वर्षे आम्ही ज्याला श्रीनगरचे विमान समजून गावोगाव वाहिले, ते आकारानेच ते विमान नव्हते. भातुकलीवाल्याच्या पंथात याला क्षमा नाही. वाचता वाचता आणखी एक गोष्ट मिळाली, ती मात्र निष्कारण आनंद देऊन गेली. नॅटचे रचनाकार डब्ल्यू. ई. डब्ल्यू. पेटर यांना त्यांचे सहकारी ‘टेडी’ म्हणत.

एका रविवारी आमची कन्या पुढ्यात येऊन बसली आणि म्हणाली, ‘बाबा, हे विकायचंय का तुम्हांला?’ नाही म्हटल्यावर तिने चिकटपट्टी नखाने उकलली. पाण्यात सोडावयाची लाल-पांढरी चिन्हे इतक्या वर्षांत पिवळी पडली होती. भिजविताच त्यांचे तुकडे झाले. वर्तुळे मग तिनेच बारीक कुंचल्याने काढली आणि एका पंखावरचे वर्तुळ थोडे लंबगोल आले. माप चुकले आहे, आसन एक जास्त आहे, हे आम्ही तिला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि मागच्या आसनावरही वैमानिक बसविला. डाव्या पंखाचा सांधा आमच्या हातून किंचित वर उचलला गेला आहे आणि तो आता सुटणार नाही. पुढल्या यादीत ‘खेळणी, जुनी’ या ओळीखाली ‘विमान, प्लॅस्टिकचे, रंगविलेले, एक’ अशी नोंद घालावी लागेल. ते नाजूक असल्यामुळे ट्रंकेत अस्वलाच्या पोटाशी बांधून न्यावे, असे आमच्या घरात ठरले आहे.